कडू म्हणजे औषध?

मंगळवार, संध्याकाळ

कौतुकाने माचा घरी आणला, हिरव्या चहाची ती बारीक पूड. आईला म्हटलं, "तब्येतीला चांगला असतो." एवढंच म्हटलं होतं ना मी?

आज आई फुलबाजारातून आली तर तिचं डोकं गरगरत होतं. पाहते तर रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं!

"तुझा हिरवा चहा घेते की. आलं टाकून चांगला उकळते. लय कडू लागतो, म्हणजे औषधच! तू शिकलेली, खोटं कशाला सांगशील?"

मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

मग कोमट पाण्यात चिमूटभर पूड फेसाळेपर्यंत घुसळून दिली.

"अगं, हा तर कोवळ्या मटारासारखा लागतो!"

"उकळून तू कडू केलास, आई. हा नुसता चहा आहे. गोळी घे. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

तिने गोळी घेतली. आणि सहज म्हणाली, "सुमनकाकूंनाही दिलाय वाटीभर. त्यांचीही शुगरची गोळी सुटली."

शेजारी काकूंच्या दाराला कुलूप. फोन उचलत नाहीत. त्यांच्याच पायरीवर बसून हे लिहिते आहे. मी शिकलेली, म्हणून कुणी 'खरंच का?' असं विचारलंसुद्धा नाही.

फाटक वाजलं. काकूच असू देत.