लँडमास्टरची सुई

यवतमाळ
ता. ९ नोव्हेंबर २००६

धर्मपाल यास,
अय्यूबचा सलाम आणि जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी खुशाली रूपसिंगकडून कळली. उमरखेडजवळच्या तांड्यावरचा माणूस, पंपाची मोटर तुझ्याकडे वाइंडिंगला टाकतो म्हणाला. तुझ्या हाताची फार तारीफ करत होता. मी ऐकून घेतलं, माझ्याच दुकानात तू पाच वर्षं होतास हे काही त्याला सांगितलं नाही. तुझा मोबाइल नंबरही त्याने दिला आहे. पण फोनवर मला बोलता येत नाही, समोरचा हॅलो म्हणाला की मी विसरतो.

तुझ्या हमीदाभाभीचे गुडघे गेले आहेत. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बारीक तार दिसते. धंद्याचं विचारशील तर विचित्र चाललं आहे. कापसाचे असे हाल झाल्यापासून ट्रॅक्टरवाला नवी बॅटरी घेत नाही, जुनीतच पाणी टाकून ढकलतो. पण जिल्ह्याचं नाव पेपरात यायला लागल्यापासून पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या मात्र रोज येतात. मुंबईच्या, दिल्लीच्या. राळेगावकडच्या रस्त्याने धूळ खाऊन आल्या की कोणाचा हॉर्न गेलेला, कोणाचा लाइट. ते सगळं माझ्याकडे. लोकांच्या मरणावर माझी चूल पेटते आहे, हे चारचौघांत बोलायची सोय नाही म्हणून तुला लिहितो.

आता कामाचं. नागोराव वकिलांची काळी लँडमास्टर तुला आठवत असेल. वकील ब्याऐंशीचे झाले, गाडी चालवणं सुटलं, म्हणून त्यांनी ती पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकीन माणसाला विकली. तो महिनाअखेर न्यायला येणार आहे. पाहायला आला तेव्हा त्याने इंजिन चालू केलं आणि बोर्डावरच्या मीटरकडे बोट दाखवलं. तुला तो मीटर माहीत आहे, मध्ये शून्य, करंट बॅटरीत जात असेल तर सुई उजवीकडे, बॅटरीतून निघत असेल तर डावीकडे. इंजिन चालू आणि सुई डावीकडे. तो म्हणाला, गाडी चार्जिंग करत नाही, एवढं करून द्या, मग नेतो.

वकिलांनी गाडी आधी माझ्या पुतण्याकडे, इमरानकडे टाकली. त्याचं दुकान आता बसस्टँडजवळ आहे, काच वगैरे लावलेलं. त्याने आठ दिवस घालवले. बेल्ट ताणला, डायनामोचे कार्बन बदलले, रेग्युलेटरचे पॉइंट घासले, बॅटरी नवी घातली. सुई डावीकडे ती डावीकडेच. शेवटी मला म्हणाला, "चाचा, हे तुमच्या जमान्याचं भूत आहे, तुमीच उतरवा."

मी बॅटरीच्या टोकांना मीटर लावून पाहिला. इंजिन जरा रेसवर घेतलं की चौदा व्होल्टच्या वर. तीन दिवस गाडी उभी ठेवली, चौथ्या दिवशी एका सेल्फमध्ये चालू. म्हणजे बॅटरी भरते आहे. मग सुई उलटं का सांगते, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही. डायनामोच्या कामात तुझी नजर माझ्यापेक्षा बारीक होती. तुला काय वाटतं ते कळव.

मानीबाईंना माझा सलाम सांग.

तुझा,
अय्यूब


उमरखेड
२० नोव्हेंबर २००६

अय्यूबभाई,
जयभीम.

पत्र मिळालं. आईला सलाम सांगितलात. आई जाऊन पाच वर्षं झाली.

सुईचं विचारलंत. इंजिन बंद ठेवा आणि नुसते दिवे लावा. दिवे बॅटरीतून ओढतात, तेव्हा सुई डावीकडे जायला पाहिजे. ती उजवीकडे गेली तर गाडीत काही बिघाड नाही, सुईच उलटी आहे. मीटरच्या मागच्या दोन तारांची अदलाबदल करा, पाच मिनिटांचं काम.

पण सुई आपोआप उलटी होत नाही. कोणीतरी पूर्ण गाडीची प्लस-मायनस फिरवली आणि मीटर तसाच सोडला तरच होते. लँडमास्टरचा प्लस बॉडीला असतो, आजच्या गाड्यांसारखा मायनस नाही. पंधरा वर्षांपूर्वी वकिलांच्या गाडीला नवी बॅटरी आली त्या दिवशी मी तेच बोललो होतो. तुम्ही फकिराच्या चहाटपरीवरच्या माणसांसमोर म्हणालात, "आता तू मले शिकवशील काय?" आणि मायनस बॉडीला आवळलात. दोन दिवसांनी मीच नव्या तांब्याच्या तारेने भरलेला डायनामो जळाला. वकील म्हणाले, या पोराने नवं तांबं काढून विकलं आणि जुनं भरलं. तुम्ही तिथेच उभे होतात. मी तुमच्याकडे पाहत होतो.

तेव्हा तुम्हाला माहीत नसेल, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता तुमचं पत्र वाचून कळलं की त्या गाडीचा डायनामोही नंतर कोणी समजून-उमजून उलटा करून घेतला. माझ्या मागे, इमरानकडे जाईपर्यंत, ती तुमच्याशिवाय कोणाच्या हातात नव्हती. मग मला कशाला विचारता?

यवतमाळच्या एकाही दुकानाने मला नंतर उभं केलं नाही. त्याचं आता काही नाही, इथे माझं चांगलं चाललं आहे. पण आईने मला शेवटपर्यंत कधी विचारलं नाही की तांबं तू घेतलं का. तिने विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. ती विचारत नव्हती म्हणजे तिला काय वाटत होतं, ते मला कधीच कळणार नाही.

मला काही सांगू नका, मला माहीत आहे. वकिलांना सांगा. टपरीवर तेव्हा जे होते त्यांना सांगा. गाडी जायच्या आधी.

धर्मपाल


यवतमाळ
ता. ३ डिसेंबर २००६

प्रिय धर्मपाल,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. सुईचं कारण मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. ती उलटी मीच करून ठेवली आहे. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि मला दुसरं सुचलं नाही. तू ओळखशील हेही मला माहीत होतं. बहुतेक तेवढ्यासाठीच लिहिलं.

तू दुकान सोडलंस त्याच्या आठव्या दिवशी जळालेला डायनामो घेऊन मी नागपूरला गेलो. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता, जुन्या विलायती गाड्यांचा. त्याने डायनामो हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "बॅटरी कैसी लगाई थी?" मी सांगितलं. त्याने डायनामो खाली ठेवला आणि पान लावायला घेतलं. मग समजावलं की बॅटरी उलटी लागली, पण डायनामोला जुनीच दिशा माहीत, दोघे एकमेकांवर चालून गेले आणि कमजोर होता तो जळाला. नव्या दिशेने चालवायचा असेल तर डायनामोला बॅटरीचा एक झटका देऊन ती दिशा शिकवावी लागते, हेही त्यानेच दाखवलं. मी परत येऊन डायनामो पुन्हा भरला आणि तसं केलं. बॅटरी होती तशीच ठेवली, कारण ती फिरवली असती तर लोकांनी विचारलं असतं. मीटरच्या तारा राहून गेल्या. वकिलांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "मीटर जुना आहे साहेब, सुई उलटी पाहत जा." पंधरा वर्षं ते उलटी पाहत आले, पुण्याच्या माणसाला मात्र ते पटलं नाही.

नागपूरहून आलो त्याच संध्याकाळी मी पाटीपुऱ्यात तुमच्या घरी आलो होतो. तू नव्हतास. मानीबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी आत बोलावलं, चहा केला. मला म्हणाल्या, "पोराचं काही चुकलं असन तं सांगा भाऊ, मी त्याले समजावतो." मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो. चहा पिऊन उठलो. सांगायची संध्याकाळ ती होती. दुकान नुकतं कुठे जमत होतं आणि गिऱ्हाईक वकिलांच्या ओळखीने येत होतं, म्हणून मी सांगितलं नाही. दुसरं कारण नाही. खूप शोधलं, सापडलं नाही.

मला लाज वाटते, धर्मपाल. तू खोटं बोलणारा नव्हतास आणि ते सगळ्यांत जास्त मला माहीत होतं.

तू लिहिल्याप्रमाणे आधी टपरीवर गेलो. तेव्हा उभ्या असलेल्यांपैकी दोघे वारले, एक मुलाकडे अमरावतीला असतो. फकिरा आहे. त्याला सगळं सांगितलं. तो भांडी विसळता विसळता म्हणाला, "मले तं तवाच समजलं होतं. तुमचं तोंड पाह्यलं होतं ना मी. पर मालक गप्प, तं म्या चहावाल्यानं कायले बोलाव?" टपरीवर बसलेली बाकीची माणसं नवी होती, त्यांना यातलं काही कळलं नाही. तरी मी त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. एकाने मध्येच विचारलं, टाटा दोनशे सातच्या सायलेन्सरचं काम तुमच्याकडे होतं का.

मग गाडी घेऊन वकिलांकडे गेलो. ते ओसरीत बसले होते. मी उभ्याउभ्याच बोललो. म्हणालो, धर्मपालने काही चोरलं नव्हतं. ते म्हणाले, "कोन धर्मपाल?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. रागावतील, घराबाहेर काढतील, एवढं धरून गेलो होतो. ज्या माणसाचं गाव सुटलं त्याचं नावच त्यांना आठवत नव्हतं. डायनामोचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "हां, तो तांबं नेलेला." तेवढं लक्षात होतं.

पत्नीला, कौसल्याबाईंना, त्यांनी गाडीची फाइल आणायला सांगितली. गाडी घेतली तेव्हापासून काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, सगळं त्यात त्यांच्या अक्षरात आहे. पान काढलं. सप्टेंबर १९९१. लिहिलं होतं, अय्यूब मिस्त्रीकडच्या पोराने डायनामोतलं तांबं लांबवलं. तुझं नाव नव्हतं. पोराच्या आधी जात लिहिलेली होती. ही फाइल गाडीबरोबर पुण्याला जाणार होती.

वकिलांनी ते पान पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "मंग इतकी वर्षं काहून बोलला नाही तू?"

"भ्यालो साहेब."

"मले?"

"तुमालेच."

ते चिडले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत, आणि ते त्यांनी म्हणायचं नव्हतंच. कौसल्याबाई म्हणाल्या, ते पान फाडून टाका. वकील म्हणाले, लिहिलेलं फाडायचं नसतं, त्याच्या खाली लिहायचं असतं. मला पेन दिलं. जागा थोडी होती, मी बारीक अक्षरात लिहिलं. वर जे लिहिलं आहे ते खोटं आहे. बॅटरी उलटी मी लावली, डायनामो माझ्या चुकीने जळाला. धर्मपाल सुखदेव गजभिये यांनी बॅटरी लावतानाच मला बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. खाली सही केली. वकिलांनी साक्षीदार म्हणून त्यांची केली, तारीख घातली, आणि वरच्या ओळीतला जातीचा शब्द स्वतःच्या हाताने गिरवून काळा केला. लिहिलेलं फाडायचं नसतं म्हणाले होते, पण तो शब्द खोडला.

मीटरच्या तारा तिथेच बदलल्या. इंजिन चालू केलं, सुई उजवीकडे गेली. वकिलांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आता बिघडली." त्यांना समजावायला अर्धा तास लागला.

गाडी परवा गेली. इमरान माझ्यावर नाराज आहे, बाजारात घराण्याचं नाव जातं म्हणतो. ते जायलाच हवं होतं, पंधरा वर्षं उशिरा जात आहे.

त्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवतो. तुझं पूर्ण नाव बरोबर लिहिलं आहे का ते पाहा. घरात कोणाला दाखवायची असेल तर दाखव. मानीबाईंना दाखवता येणार नाही, आणि त्याला मी सोडून कोणी जबाबदार नाही.

त्यांच्या हातचा चहा पिऊन न बोलता उठलेला,
अय्यूब