हितेश सिल्क

३ जुलै १९९७
आजपासून रोजनिशी. उद्या कोणी शोधाचा इतिहास विचारला तर तारखा हाताशी असाव्यात.
विषय: कृत्रिम रेशीम. लॅबमध्ये साहेबांच्या टेबलावर फॉरेनचं मासिक होतं. कोळ्याचं जाळं म्हणे वजनाच्या मानाने पोलादापेक्षा मजबूत. तसलं प्रोटीन बाहेर तयार करून त्याचा धागा काढायच्या मागे मोठमोठे सायंटिस्ट लागलेत. अजून जमलेलं नाही. त्यांना इतर कामं असतील. रबाळेच्या डाय कंपनीत लॅब असिस्टंटला दुपारी काहीच नसतं.
भिंतीवरचे कोळी पकडून बाटलीत ठेवले.

४ जुलै
बाटलीत एकच कोळी उरलाय. बाकीचे त्याने खाल्ले. या जमातीत टीमवर्क नाही. दुसरा मार्ग शोधावा लागेल.

६ जुलै
गावच्या दहीहंडी मंडळाची मीटिंग. अध्यक्ष गोटीराम शेठ. त्यांची मुलगी जागृती वाशीला कॉम्प्युटर क्लासला जाते आणि मला फार आवडते. तिला हे ठाऊक असावं. सांगितलेलं नाही.
गेल्या वर्षी काथ्याची दोरी कुजकी निघाली आणि दहीहंडी आधीच खाली आली, म्हणून शेठ चिडलेले. पोपट लगेच उठला. तो न्हावा शेवा बंदरात कामाला. म्हणाला, नायलॉनची दोरी आणतो. मीही उठलो. म्हणालो, आडवी दोरी कुठलीही बांधा, पण हंडीचं लटकण मी देतो, स्वतः बनवलेल्या रेशमाचं. शेठ म्हणाले, "बघू."
बघू म्हणजे हो. ज्याने हंडी पेलली त्याला मुलगी द्यायला शेठना जड जाणार नाही.

११ जुलै
रात्रभर विचार केला. रेशीम म्हणजे प्रोटीन. ते किड्याने आधीच बनवून ठेवलंय. आपण फक्त विरघळवायचं आणि पुन्हा धागा ओढायचा, आपल्याला हवा तसा. किड्याला जे सुचलं नाही ते मला सुचलं.
कच्चा माल घरातच आहे. आईच्या ट्रंकेत तिचा लग्नातला शालू, शुद्ध रेशमाचा. बाबा गेल्यापासून ती तो नेसत नाही, सुनेसाठी ठेवलाय. सून म्हणजे जागृतीच. म्हणजे शालू तिच्याच कामी येतोय. आईला सांगितलं नाही. सरप्राइज.

१३ जुलै, रविवार
आई दिवा गावाला मावशीकडे गेली. शालूचे तुकडे करून सोड्यात उकळले, कुकरमध्ये. संध्याकाळी आई वास घेत म्हणाली, "काय शिजवलास रं?" मी म्हणालो, भविष्य. तिने कुकर दोनदा घासला.

१९ जुलै
लॅबमधलं कॅल्शियम क्लोराइड, थोडं स्पिरिट, उष्णता. शालू विरघळला. पिठल्यासारखा झाला. मोर गेले, काठ गेला. जरीची तार तेवढी तळाशी राहिली, ती हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवली. बाटली दोनदा उघडून बघितली. पण शास्त्रज्ञाने मागे वळून बघायचं नसतं.

२६ जुलै
सिरिंजमधून पिठलं स्पिरिटमध्ये सोडलं. धागा निघाला! डोळ्यांत पाणी आलं. (स्पिरिटमुळेही असेल.) हातात घेताच तुटला.
पहिली पिढी अशीच असते.

२ ऑगस्ट
एकेकटा धागा तुटतो, म्हणून पुष्कळ धागे एकत्र करून पीळ द्यायचा. टेबल फॅनची पाती काढून दांड्याला हुक लावला. पीळ झकास बसतो. आज सुताने माझा अंगठाही धरला आणि सोडेना. मजबुतीचा पहिला पुरावा.
एक किरकोळ बाब: घरात ठेवलं की सूत मऊ पडतं. हा सुताचा दोष नाही, ऐरोलीच्या हवेचा आहे. दोरी तांदळाच्या डब्यात ठेवली. तिथे छान कडक राहते.

१० ऑगस्ट
फायनल टेस्ट. स्वयंपाकघरातल्या हुकाला दोरी, दोरीला वरणाने भरलेला कुकर. धरला! मग पाटाही टांगला. तोही धरला. आई खालून वाकून ये-जा करत होती आणि बाबांच्या फोटोकडे बघत होती. नाव ठरलं: हितेश सिल्क.
तेवढ्यात जागृती आली, आईसाठी जवळा घेऊन. तिने दोरीवरून बोट फिरवलं. म्हणाली, मऊ हाय. मग विचारलं, "धुता येतं काय?" मी हसलो. म्हटलं, दोरी कोण धुतं? ती म्हणाली, "मना वाटला साडीचा सूत हाय," आणि गेली. लाजली. लक्षण उत्तम.

१७ ऑगस्ट
आई म्हणाली, गोकुळाष्टमी झाली की शालू घेऊन गोटीराम शेठकडे बोलणी करायला जाते. शेठ नाही म्हणणार नाहीत, तिने अंदाज घेतलाय. पोरीचंही मन आहे. मी फक्त तोवर गप्प बसायचं.
म्हणजे हितेश सिल्कची कीर्ती पोचली. पण शालूचं आईला सांगायला हवं. हंडीनंतर सांगतो. यशानंतर माणसं समजूतदार होतात.

२५ ऑगस्ट, सकाळ
दोरी तांदळातून काढली. काठीसारखी ताठ. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "धरंल ना रं?" मी म्हणालो, शेठ, पोलाद आहे. पोपट स्कूटरला नायलॉनचं भेंडोळं अडकवून उभा होता. काही माणसं जन्मतःच निगेटिव्ह असतात.

२५ ऑगस्ट, संध्याकाळ
टेक्निकल रिपोर्ट.
आमच्या गावात हंडीला गच्चीगच्चीवरून बायका पाणी ओततात. यंदा शेठनी टँकरही लावला होता. मी लहानपणापासून दर वर्षी त्या पाण्यात भिजतो. टेस्ट करताना मात्र पाणी ओतायला कोणी नव्हतं.
पहिल्या बादलीला दोरी लांबली. ही इलॅस्टिसिटी, गुणच आहे. टँकरचा पाइप लागल्यावर हंडी सावकाश खाली येऊ लागली. गोविंदांनी दुसरा थर लावायच्या आत ती त्यांच्या खांद्यापाशी पोचली. लोकांना वाटलं, यंदा काहीतरी नवीन आहे. टाळ्या पडल्या. त्या मीही घेतल्या. मग दोरीचा शेंबूड झाला आणि हंडी खाली उभ्या असलेल्या शेठच्या पुढ्यात फुटली. दह्याने सफारी पांढरी. इजा कोणाला नाही, हे नमूद करतो.
पोपटने नायलॉन बांधून दुसरी हंडी चढवली. जागृती गच्चीवर हसत होती. हसली म्हणजे राग नाही.

२८ ऑगस्ट
दोष हितेश सिल्कचा नाही, टँकरचा. कोरड्या प्रदेशात याला मार्केट आहे. राजस्थानला पत्र लिहावं.
पोरं मला बघून नाक ओढतात. मी लक्ष देत नाही. आज पाच वेळा लक्ष दिलं नाही.

१ सप्टेंबर
आई सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसली. म्हणाली, "हंडीचा काय, लोक दोन दिसांत विसरतात. शालू घेतंय नि शेठकडं जातंय." मी सांगायला तोंड उघडलं तोवर तिने ट्रंक उघडली होती.
हॉर्लिक्सची बाटली तिच्या हातात दिली. सगळं समजावलं. प्रोटीन, पीळ, इलॅस्टिसिटी. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आख्खा शालूच पिळून बांदला असतास, तरी हंडी धरली असती."
मी ११ जुलैचं पान काढून पुन्हा वाचलं.
रिकाम्या हाताने शेठच्या दारात जाणार नाही, म्हणाली. लुगडं बदलून भांडी घासायला बसली.

१४ सप्टेंबर
पोपटची आई शेठकडे जाऊन आली. तिच्याकडे शालू होता.

७ डिसेंबर
आज जागृतीची हळद. मांडव नायलॉनने बांधलाय, चांगला घट्ट. बँजो घरापर्यंत ऐकू येतोय. पोपट माणूस वाईट नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, आणि त्याला कुठलीही थिअरी लागू पडत नाही.
आईने तांदळाच्या डब्यातून उरलेल्या सुताचा गुंडा काढला. टाकेल असं वाटलं. तिने तो मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला, शालूच्या जागी, आणि वर डांबरगोळ्या टाकल्या. मी विचारलं, हे कशाला?
म्हणाली, "शालूच हाय तो."
मी एवढंच म्हणालो, ट्रंकेला ओल लागू देऊ नकोस.