बाबांना वाटतंय तू येऊन गेलास

धीरज,

बाबांना काल दवाखान्यातून घिवलीला घरी आणलं. आता फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुला नऊ फोन केले, कंपनीच्या गेटवर निरोप ठेवला. आत्ता कपडे न्यायला बोईसरच्या आपल्या घरी आले, तर तू डबल ड्युटी धरलीस असं शेजारच्या काकू म्हणाल्या. कंटाळले रे मी तुझ्या मागे धावून.

सगळे जमलेत. मनोरची आत्या आली, धाकटी दीपिका मुलाला घेऊन आली. तू बोट सोडून कंपनीत लागलास तेव्हापासून चार वर्षं बाबा तुझ्याशी बोलले नाहीत, मान्य. पण अबोला धरण्यात तूही कमी नव्हतास.

बाबांना आता नीट दिसत नाही. सकाळी तुझे भावोजी उशाशी बसले होते, तर बाबांनी त्यांचाच हात धरला आणि म्हणाले, "धीरज, बोट सोडलीस ते बरं केलंस. दर्यात आता काय नाय रवलं. मीच उगा तोंड फिरवून बसलो."

भावोजी काय करणार? "हो बाबा" म्हणाले आणि बाहेर येऊन माझ्यावरच चिडले, "हे मी ऐकायचं नव्हतं. त्याला बोलव."

बाबांना वाटतंय तू येऊन गेलास. ते आता तुझी वाट बघत नाहीत, दाराकडे आम्हीच बघतोय.

कुकरमध्ये भात आहे, पण जेवायला थांबू नकोस.

– ताई