खालच्या आजींचं मत

ती. आई,

लांबूनच पाया पडतो. गुडघे कसे आहेत तुझे?

मी बरा आहे. इथे निवडणूक झाली. मी परदेशी, मला मताचा हक्क नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजींना हाताला धरून मतदानाला मीच नेलं. जिन्यातच म्हणाल्या, "बाहेरच्यांना हाकला म्हणतात ना, त्यांनाच मत देणार. तुला नाही हाकलायचं रे, तू आपला!"

बाहेरून आलेल्यांमुळे देशाचं सरासरी उत्पन्न वाढतं, असा अहवाल मी वर्षभर राबून सरकारला दिला होता. वाटेत आजींनाही तेच समजावलं. त्या म्हणाल्या, "वाढलं असेल बाबा. माझ्या लेकाचा कारखाना मात्र बंद पडला, तो कामासाठी लांब गेला." सरासरीत कुणी राहत नाही गं. आम्ही अर्थतज्ज्ञ हे विसरतो, आणि पुढारी त्यावर आपली पोळी भाजून घेतात.

आजींचाच पक्ष निवडून आला. माझ्या व्हिसाचं बघू काय होतं ते. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

काल आजींनी दार वाजवलं. म्हणाल्या, "पुढच्या निवडणुकीलाही तूच ने हं मला. दुसरं आहे कोण?"

मी हो म्हणालो.

तुझा दमलेला, पण वेळेवर जेवणारा,
धाकटा