मामाचं गाणं

उमेळे
१० मार्च २०२५

चि. रॉबर्ट यास अ. आ.

राखेचा बुधवार झाला, उपवासकाळ लागला. बाबा गेले तरी त्यांचा नियम आहेच: ईस्टरपर्यंत घरच्यांशी फोन बंद, पत्रं चालू. अंधेरीत मोठा गायक झालास म्हणून तुला सूट नाही. आई बरी आहे, तुझ्या लग्नाच्या मसाल्यासाठी मिरच्या वाळत घातल्यात.

तुझं गाणं इथे रिक्षावाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आहे. मी जळतो, सरळच सांगतो. इतकी वर्षं वरातीत कॉर्नेट फुंकतोय, माझ्या चाली ऐकत लोक आरामात जेवतात. तुझ्या गाण्याला ताट सोडून उठतात.

उपवासाआधीच्या शेवटच्या लग्नात, कामणला, पोरं तेच वाजवा म्हणून अडून बसली. 'आला रे हबशी, पळा रे पळा' आमच्या बँडवर वाजणार नाही, असं मी सांगितलं. आपल्या बहिणीचा, लूर्डसचा, नवरा एमेका नायजेरियाचा. तुळिंजच्या बाजारात लोक त्याला ह्याच शब्दाने हाक मारतात, आणि हे तुला माहीत आहे. गाण्यातला ठेकाही तू त्याच्याच घरी जेवणाच्या टेबलावर शिकलास. ती ओळ बदल.

जळतो म्हणून माया आटली असं समजू नकोस.

तुझा,
ॲन्सेल्मदादा


अंधेरी
१७ मार्च २०२५

ती. ॲन्सेल्मदादास सा. न. वि. वि.

अर्ध्या पत्रात तू जळतोस आणि अर्ध्यात मला शहाणपण शिकवतोस. मी कुठलं अर्धं खरं मानू? कामणचा किस्सा तुझ्या बँडमधल्या आलोशियसने आधीच कळवला होता. थोरल्याच्या पोटात दुखतंय म्हणून सगळे हसले म्हणे.

एमेका भावोजींना गाणं मी स्वतः ऐकवलं. ते खो खो हसले. ज्याला लागायचं त्याला लागलं नाही, तुला कसं लागलं? आणि त्यांच्या प्रीतलला ते तोंडपाठ आहे. भाची दर रविवारी कॉर्नेट शिकते तुझ्याकडे आणि गाते मात्र माझं गाणं. खरं दुखणं ते आहे, दादा.

लग्नात डीजेवर पहिलं तेच लागेल, आणि प्रीतल फुलं उधळत सगळ्यांच्या पुढे चालेल. आईला म्हणावं मसाला जरा बेताचा कर, डायनाच्या माहेरी तिखट चालत नाही.

भांडलास तरी चालेल, लग्नाला मात्र हवास.

तुझा,
रॉबर्ट


उमेळे
२६ मार्च २०२५

चि. रॉबर्ट यास अ. आ.

बरोबर ओळखलंस, खरं दुखणं तेच होतं. ओठ कसे धरायचे ते मी शिकवलं आणि पोर वाजवते तुझी चाल. ह्या रविवारी मी चिडून तिला विचारलं, ह्या गाण्यात एवढं काय आवडतं.

ती म्हणाली, आवडत नाही. शाळेच्या बसमध्ये ती चढली की मुलं ते गाणं म्हणत मागच्या सीटांकडे पळतात. आधी ती रडायची. आता चढताचढता स्वतःच सुरू करते, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि त्यांच्याबरोबर मागे पळते. म्हणजे आपणही पळणाऱ्यांत धरले जातो, असं तिचं म्हणणं. माझ्याच मामाचं गाणं आहे असं तिने सांगून पाहिलं, तर मुलं जास्तच हसली. हे सांगताना मात्र ती रडली, बराच वेळ.

लग्नात तिला फुलं टाकायची नाहीत. गाणं लागेल तेव्हा पुढे ती एकटीच असेल आणि पळायला कुठे जागा नसेल. तुला वाईट वाटेल म्हणून हे तुला कळवू नको असं तिने बजावलं होतं. मी तिचा शब्द मोडून लिहितोय.

चाल चांगली आहे तुझी, म्हणून तर ती मुलांच्या तोंडून जात नाही. हे लिहितानाही मी जळतोय. माझं ऐकू नकोस, जळक्याचं कोण ऐकतो. तिचं ऐक.

आशीर्वाद आहेतच.

ॲन्सेल्मदादा


अंधेरी
५ एप्रिल २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

गाणं मी काढून टाकलं. कंपनीवाले भडकलेत. लोकांच्या फोनमध्ये गेलं ते माझ्याने परत येत नाही, रिक्षात अजून ऐकू येतं.

तुळिंजला जाऊन आलो. भावोजींना विचारलं, तेव्हा हसलात का. ते म्हणाले, इथे आल्यापासून शिकलो, आपण आधी हसलो की समोरच्याचं हसणं जरा कमी लागतं. बापलेकीची युक्ती एकच आहे, आणि एकीचं दुसऱ्याला ठाऊक नाही. बसचं मी सांगणार होतो. पण तिच्या पाठीमागे नको म्हणून निघून आलो. पुढच्या रविवारी तुझ्याकडून प्रीतलला घेऊन त्यांच्याकडे जाईन आणि तिच्यासमोरच सांगेन.

लग्नात डीजे नाही, तुझा बँड वाजेल. प्रीतलच्या हातात फुलं नकोत. तिला तुझ्या शेजारी कॉर्नेट घेऊन उभी कर, मनात असेल तर वाजवेल.

बसमध्ये माझं नाव घेऊन तिने कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं दाखवून पाहिलं. रडायला मात्र ती तुझ्याकडे आली. मला तर ती गाणं म्हणून दाखवायची, हसत. आता पोटात माझ्या दुखतंय, दादा.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
रॉबर्ट