जुन्या पुलापलीकडची खाणावळ

मु. रोहिणखेड,
ता. २९ सप्टेंबर १९४५

लाडक्या मोतीरामले मेहबूबचा सलाम आन् लई दुवा.

तुह्यं पत्र भेटलं. तुही माय, मनकर्णाबाई, बरी हाये. कपाशी फुलावर आली. मले पलटणीतून सुटून चार महिने झाले, तरी लॉरीचा आवाज आला की रस्ता सोडून वावरात पळतो.

तुही पलटण इटलीत फ्लॉरेन्सले आली, आन् तू विचारतं, "माहा भाऊ कडूबा तिथं कुठं जेवे?" सांगतो.

सकाळी मोठ्या घुमटाच्या देवळामागं जाय. काळी कॉफी भेटते. कॉफी कसली, जव भाजून उकळलेले, पण गरम असते. डोंगरातल्या एका फळाच्या पिठाची वडी भेटते, शिंगाड्याच्या पिठावानी लागते. पावात मीठ नसते त्या शहरात. कडूबा हासे, "यायचं मीठ बी लढाईवर गेलं काय बे?" तो लाल दारूचा गिलास घे, मी पाणी पेवो.

जेवाले मात्र जुन्या पुलापलीकडं. बाकीचे पूल जर्मनांनी उडवले, तो एकच राह्यला. डाव्या हाताची तिसरी गल्ली, पाच पायऱ्या खाली. एक म्हातारी चालवते. शिळा पाव, कोबी, पांढरा घेवडा एकत्र शिजवते. कडूबाले भलतंच आवडे.

इथपर्यंत लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता.

कडूबा गेल्यावर पाचव्या दिवशी मी एकटा तिथं गेलो. भर दुपार. म्हातारीनं दोन ताटल्या मांडल्या. मी एक बोट दाखवलं. तिनं मान हलवली आन् दारूचा गिलास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला. मी तिच्या बोलीत मोडकंतोडकं, हातवारे करून सांगतलं, तो मेला. ती म्हणे, "नाही. रोज येतो. जेवत नाही. एकच बोलतो. अर्थ काय त्याचा?"

आन् त्या बोळक्या तोंडातून आपली वऱ्हाडी निघाली, अक्षर न् अक्षर,

"मेहबूब, थांब बे. माहा पाय अटकला."

मोतीराम, हे शब्द आयकणारा जगात मी एकटा होतो.

गोळा पडला, जागच्या जागी गेला, तरास झाला नाही, असं मी तुमाले सांगतलं. खोटं हाये. आमची लॉरी पेटली, मी उडी मारली. त्याचा पाय दबला होता. तीनदा हाक मारली त्यानं. मी पळालो, मांगं पाह्यलं नाही.

म्हातारीले बी अर्थ सांगतला नाही. जेवण टाकून पळालो. तू गेला तर तिले सांगजो.

आज तुह्या मायले सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. म्हणाली,

"तू घरी येतं तवा कडूबा तुह्या मांगंच असते, बापा. दारातच थांबते. मी म्हणो, हा पोरगा एकदा बी वळून काऊन पाहत नाही?"

हे मी तुमच्याच ओसरीवर बसून लिहून राह्यलो, दाराकडं पाठ करून. माय चुलीपाशी हाये. दारात कोणीतरी उभं हाये.

आता वळतो.

तुह्या भावाले टाकून आलेला,
मेहबूब