विमानातून उतरल्याचा दाखला

प्रति,
मा. प्रवासी तक्रार निवारण अधिकारी,
विमानतळ कार्यालय, पहिला मजला, खोली क्र. ९.

विषय : अर्जदार विमानातून उतरला असल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या काउंटरला दिलेल्या तीन भेटी. (उत्तरं तिन्ही वेळा तोंडी.)

महोदय,

अर्जदार कवळ्या बनवण्याच्या कामावर आहे. तीन तारखेला तो प्रशिक्षण आटोपून आपल्या विमानाने परत आला, आसन २३-ब. विमानात वायफाय मिळतं म्हटल्यावर त्याने हौसेने नाव, आसन, मोबाइल नंबर, सगळं भरलं आणि आत्याला "पुढच्या बुधवारी नक्की येतो" एवढंच पाठवलं. निरोप जाताना स्क्रीनवर चक्र जे फिरायला लागलं ते विमान उतरेपर्यंत फिरतच होतं. चाकं टेकली, वायफाय बंद झालं, आणि वायफायच्या पानावरचं "बाहेर पडा" हे बटण दाबायचं राहिलं.

तेव्हापासून आपल्या सिस्टीममध्ये अर्जदार हवेत आहे. बुधवारचं तिकीट काढायला गेलं की "प्रवासी सध्या प्रवासात आहे" असं येतं. काउंटरवरच्या ताईंनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, "दादा, तुम्ही अजून उतरलाच नाहीत." अर्जदार तेव्हा त्यांच्यासमोर, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून उभा होता. बाहेर पडायचं तर त्याच विमानाच्या वायफायवरून पडता येतं, त्या विमानात बसायला तिकीट लागतं, आणि तिकीट फक्त उतरलेल्यालाच मिळतं. नियम फार विचार करून केलेले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. बॅग मात्र त्याच दिवशी उतरल्याची नोंद आहे. अर्जदाराला तिचा हेवा वाटतो.

गुरुवारी सकाळी आत्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. अर्जदाराला तिनेच लहानाचं मोठं केलं. फोनवर म्हणाली, "तू दिसल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही, डॉक्टरला सांगून ठेवलंय." ती बोलते तसं करते. तिकडे दुसऱ्या कुणाचं विमान जात नाही, रस्त्याने तीन दिवस लागतात, आणि आज मंगळवार आहे.

तरी सदर दाखला आजच देण्यात यावा. ते जमत नसेल तर आपण निदान आपल्याच नोंदीवर विश्वास ठेवावा. नोंदीप्रमाणे अर्जदार २३-ब मध्ये बसलेला आहे, आणि ते विमान उद्या दुपारी आत्याच्याच शहरात उतरतं. तिथे त्याला उतरू द्यावं. सुटायच्या वेळी तो आपल्या जागेवर बसायला दाराशी हजर राहील.

आपला नम्र, अद्याप हवेतला,
कवळी कारागीर, आसन २३-ब
मंगळवार, ता. ११

सोबत :
१. बॅग मिळाल्याची पावती.
२. भाडेकरू रोज जिना चढतो-उतरतो, असं घरमालकाचं पत्र.
३. अर्जदाराचा काउंटरसमोर उभा असलेला फोटो. (फोटो काढला : काउंटरवरच्या ताईंनी.)